दुखत नाही, मग लंगडते का?

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी सुधीर टिपणीसच्या स्कूटरचा आरसा मोडला. डोंबिवली पूर्वेच्या त्यांच्या सोसायटीत पार्किंगला कॅमेरा होता, म्हणून सुधीर आणि त्याची बायको हेमा वॉचमनच्या केबिनमध्ये जाऊन बसले. आनंदा वॉचमननं आदल्या दिवशीचं रेकॉर्डिंग लावलं. पडद्यावरून एक मांजर गेलं, इस्त्रीवाला गेला, मग गेटमधून एक जाडसर बाई आत आली. दर दुसऱ्या पावलाला ती उजवीकडे झुकायची, सावरायची, पुन्हा झुकायची. होडीत उभं राहिलेलं माणूस जसं डुलतं, तशी.

"ही कोण रे? केवढा त्रास होतोय बिचारीला," हेमा म्हणाली.

आनंदानं सुधीरकडे बघितलं. सुधीरनं चष्मा काढून पुसायला घेतला.

"मॅडम, तुम्हीच आहात," आनंदा म्हणाला. "काल भाजी घेऊन आलेलात ना."

हेमानं पडद्याजवळ तोंड नेलं. बाईच्या हातात निळी कापडी पिशवी होती. तिचीच. तिनं आनंदाला ते पुन्हा लावायला सांगितलं, मग पुन्हा. चार वेळा बघून झाल्यावर ती उठली. आरसा कुणी मोडला हे बघायचं राहूनच गेलं.

तिला वाईट वाटण्यापेक्षा नवल जास्त वाटलं होतं. चार वर्षं तिचा उजवा खुबा दुखत होता. खुब्याच्या सांध्यातली गादी पार झिजली होती, बसलं की उठवत नसे. सप्टेंबरमध्ये ठाण्याच्या एका हॉस्पिटलमध्ये तो सांधा बदलला, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी तिच्या लक्षात आलं की ते जुनं, आतून कुरतडणारं दुखणं गेलंय. नुसती टाक्यांची ओढ उरली होती, तीही पुढे गेली. आधी वॉकर, मग काठी, आणि दहाव्या आठवड्यात काठी माळ्यावर. भेटेल त्याला ती सांगायची, "अगदी पहिल्यासारखी चालते मी." कुणीही नाही म्हटलं नव्हतं.

"दुखत नाही, मग लंगडते का?" तिनं लिफ्टमध्ये विचारलं.

"थोडंसंच आहे," सुधीर म्हणाला.

"थोडंसं म्हणजे किती?"

सुधीरनं लिफ्टचं बटण दाबलं. हा प्रश्न तो लग्न झाल्यापासून ऐकत होता. हेमानं एकतीस वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तपासणी विभागात काढली होती. यंत्रांत बसणारे छोटे बुश आणि पिना तिच्या टेबलावर यायच्या, ती मोजायची, आणि तिनं पास केल्याशिवाय माल गेटबाहेर पडत नसे. "थोडंसं", "जरासं", "चालून जाईल" हे शब्द ऐकले की ती अजूनही मान वर करून बघायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पलंगावर उताणी झोपली आणि सुधीरला शिवणाची टेप घेऊन बोलावलं. बेंबीपासून पायाच्या आतल्या घोट्यापर्यंत मोजायचं. आधी डावा पाय, मग उजवा, प्रत्येकी पाच वेळा. सुधीर आकडे सांगत होता, ती झोपल्या झोपल्या वही डोळ्यांसमोर धरून लिहीत होती. सरासरी काढली, तर उजवा पाय बारा मिलिमीटरनं लांब निघाला.

"सापडलं!" ती म्हणाली. "ऑपरेशनमध्ये पाय लांब झालाय."

"पण डॉक्टर तर म्हणाले, दोन्ही सारखे आहेत."

"त्यांनी एक्स-रे बघितला. आपण पाय मोजला."

कोपऱ्यावरच्या राघो चांभाराकडून तिनं डाव्या चपलेला दहा मिलिमीटर जाडीचा रबराचा तळ लावून घेतला. राघोनं विचारलं, दुसऱ्या चपलेला नको का? तिनं त्याला पाच मिनिटं सगळं समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि एकाच चपलेला तळ लावून दिला.

दोन आठवडे ती ती चप्पल घालून हिंडली. वहीत रोज नोंद. चाल तशीच राहिली. उलट ज्या डाव्या गुडघ्याचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता, तो दुखायला लागला.

"तू त्या दर्शनाकडे का जात नाहीस?" सुधीरनं विचारलं.

हेमाला ते टाळायचं होतं. दर्शना भोईर म्हणजे फिजिओथेरपिस्ट. जवळच्याच मानपाड्याची मुलगी, तिशीच्या आतली. ऑपरेशननंतर सहा आठवडे हेमा तिच्याकडे जात होती, आणि मग दुखत नाही म्हणून एके दिवशी जायचं बंद झालं. दर्शनाचे दोन फोन येऊन गेले होते. हेमानं दोन्ही वेळा "येते गं पुढच्या आठवड्यात" म्हटलं होतं.

जानेवारीच्या पहिल्या सोमवारी ती गेली. दोन गाळे एकत्र करून केलेलं ते क्लिनिक होतं. एका भिंतीला पूर्ण उंचीचा आरसा आणि त्याच्यासमोर हाताला धरायला दोन समांतर दांड्या. दर्शनानं फोनबद्दल अवाक्षर काढलं नाही. तिनं चप्पल हातात घेतली, उलटी केली, तळावरून अंगठा फिरवला.

"हे कोणी सांगितलं काकू?"

"मीच. उजवा पाय बारा मिलिमीटर लांब आहे. ही बघ नोंद."

दर्शनानं वही नीट वाचली, पानं उलटून. मग विचारलं, "कुठून मोजलं?"

"बेंबीपासून."

"बेंबी कुठे असते?"

"म्हणजे काय? पोटावर."

"पोटावर ना. हाडावर नाही." दर्शनानं तिला टेबलावर झोपवलं, दोन्ही बाजूंना कमरेच्या पुढे जे टोकदार हाड लागतं तिथे पेनानं खुणा केल्या, पेल्विस म्हणजे कमरेचा सांगाडा सरळ करून घेतला आणि त्या खुणांपासून घोट्यापर्यंत मोजलं. डावा ब्याऐंशी सेंटिमीटर. उजवा ब्याऐंशी आणि वर दोन मिलिमीटर.

"पुन्हा मोज," हेमा म्हणाली.

दर्शनानं पुन्हा मोजलं. तेवढंच.

"तुमची कंबरच तिरकी झालीय काकू. उजवीकडे खाली आलीय, म्हणून बेंबीपासून उजवा पाय लांब वाटतो. हाडं सारखीच आहेत."

हेमा छताकडे बघत पडून राहिली. दोन हजार चार साली कारखान्यात लेथवर काम करणाऱ्या उत्तम नावाच्या टर्नरनं चारशे बुश असेच बनवून आणले होते. प्रत्येक माप बरोबर, फक्त मोजायला सुरुवात चुकीच्या कडेपासून. हेमानं सगळ्या विभागासमोर त्याला विचारलं होतं, "उत्तम, आधी डेटम बघायचा असतो एवढंही कळत नाही?" डेटम म्हणजे जिथून मोजायचं ती पक्की जागा. बिचारा दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हता.

"काय झालं काकू?"

"काही नाही. मग कंबर तिरकी का झाली?"

दर्शनानं तिला आरशासमोर उभं केलं. "डाव्या पायावर उभ्या राहा." हेमा राहिली. "आता उजव्या." हेमानं डावा पाय उचलला मात्र, तिचं सगळं अंग उजवीकडे कललं. तिला स्वतःला काहीच जाणवलं नव्हतं. आरशात दिसलं म्हणून कळलं.

मग दर्शनानं तिचा हात तिच्याच खुब्याच्या बाजूला, खिसा असतो त्याच्या थोडा मागे, ठेवला. इथे एक स्नायू असतो, ती म्हणाली. एका पायावर आपण उभे राहतो तेव्हा तो कमरेला धरून ठेवतो. तुमचा चार वर्षांत वाळलाय. तो धरत नाही, म्हणून तुम्ही अंगच त्या बाजूला टाकता. आणि चालणं म्हणजे काय? एकदा या पायावर उभं राहणं, एकदा त्या.

हे शेवटचं वाक्य हेमाला फार आवडलं. घरी जाताना राघोकडे थांबून तिनं चपलेला लावलेला तो तळ काढून घेतला.

पुढचे आठ आठवडे तिनं एकही दिवस चुकवला नाही. कुशीवर झोपून पाय वर उचलायचा, दहा मोजेपर्यंत धरायचा. पायांना रबराची पट्टी बांधून खेकड्यासारखं बाजूला चालायचं. आरशासमोर उजव्या पायावर उभं राहायचं. पहिल्या दिवशी ती चार सेकंद उभी राहिली, फेब्रुवारीच्या मध्याला वीस, आणि महिना संपता संपता पस्तीस. कंबर सरळ, अंग सरळ. दर्शनानं पाय दाबून दोन्ही बाजूंची ताकद तपासली आणि म्हणाली, "जवळजवळ सारखी झाली."

"मग चालून दाखवते."

ती चालली. आरशातली बाई पहिल्याच पावलाला उजवीकडे झुकली.

हेमा मध्येच थांबली. "अगं, हे काय? स्नायू झाला ना चांगला?"

"झाला."

"उभं राहता येतं. मग चालता का येत नाही?"

दर्शना दांडीला टेकली. "काकू, दुखत होतं ना, तेव्हा त्या बाजूला झुकलं की दुखणं कमी व्हायचं. झुकल्यानं सांध्यावरचा भार कमी होतो. तुम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, शरीरानं आपलं आपण शोधून काढलं. चार वर्षं तेच केलंत. आता त्याला कोण सांगणार, की सांधा नवा बसवलाय?"

हेमा खुर्चीवर बसली. मोठं मशीन चालता चालता कुणीतरी न सांगता त्याची सेटिंग बदलावी, आणि माल उलट जास्त चांगला निघावा, तसं काहीतरी तिला वाटलं. आपल्याला न विचारता आपल्याच शरीरानं हा उपाय केला होता. तिला त्याचं कौतुकच वाटलं.

"म्हणजे लंगडणं ही चूक नव्हती," ती म्हणाली.

"तेव्हा नव्हती."

घरी आल्यावर तिनं वही उघडली, पण काय लिहायचं ते कळेना. आधी मी कशी चालायचे? हे तिला स्वतःला आठवत नव्हतं. पुण्याला असलेल्या श्रियाला, म्हणजे मुलीला, फोन केला. "आई, तू भराभर चालायचीस," श्रिया म्हणाली. अजून? "अजून काय गं, चालायचीस म्हणजे चालायचीस." सगळ्या जुन्या फोटोंत ती उभी होती किंवा बसलेली होती. चौसष्ट वर्षांत तिचं चालणं कुणी बघितलंच नव्हतं, तिनंही नाही.

"तुला तरी आठवतं का?" तिनं सुधीरला विचारलं.

सुधीर मटार सोलत होता. "दिसायला कशी ते नाही सांगता येणार. आवाज माहितीये."

"कसला आवाज?"

"लिफ्ट बंद असायची ना आपल्या जुन्या बिल्डिंगमध्ये. तू कामावरून यायचीस, तर खालच्या मजल्यापासून कळायचं तू आहेस." त्यानं शेंग खाली ठेवली आणि बोटांनी टेबलावर वाजवून दाखवलं. टक टक टक टक. सारखं, घाईचं. मग थांबून दुसरं काहीतरी वाजवलं. टक, टक-टक, टक. "हे नंतरचं."

"नंतरचं म्हणजे कधीचं?"

"तू दुखतंय म्हणालीस त्याच्या सहा महिने आधीचं."

हेमा बघत राहिली. "सहा महिने? आणि तू बोलला नाहीस?"

"काय बोलणार? वाटलं, चपला बदलल्या असतील. मग वाटलं, दमली असेल. आणि..." त्यानं पुन्हा शेंग उचलली. "सांगितलं असतं तर तुला घाबरायला झालं असतं. मलाच झालेलं."

हेमानं त्याच्यासमोरचे अर्धे मटार स्वतःकडे ओढले आणि सोलायला घेतले.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात क्लिनिकमध्ये एक नवीन पेशंट आला. काळुराम म्हात्रे, अडुसष्ट वर्षांचे. शीळफाट्याकडच्या एका गावचे जुने शेतकरी. जमिनीवर आता बिल्डिंगा उभ्या होत्या आणि त्यांचा मुलगा देवेश त्यांना मोठ्या गाडीतून आणून सोडायचा. त्यांचाही खुबा बदललेला, डावा. ऑपरेशनला जेमतेम आठ आठवडे झाले होते. आणि माणूस चालायचा तो असा, की हेमा व्यायाम थांबवून बघत राहिली. खांदे हलत नव्हते, डोकं एका रेषेत पुढे सरकायचं, ट्रॉलीवरून ढकलल्यासारखं.

"भाऊ, तुम्ही असे सरळ कसे काय चालता?" तिनं सरळ विचारलंच.

काळुरामभाऊंनी मागे वळून बघितलं, दुसऱ्या कुणाला विचारतायत का म्हणून. "मना काय ठाव, बाय? पाय टाकतंय, चालतंय."

"दुखत किती वर्षं होतं?"

"दुखत कशाला व्हईल? न्हानीन घसरलू, हाड मोडला. दुसरे दिशी हास्पिटल, चौथे दिशी नवा खुबा."

हेमानं दर्शनाकडे अर्थपूर्ण नजरेनं बघितलं. यांनी चार वर्षं लंगडण्यात काढलीच नव्हती, म्हणजे शरीराला सवय लागायला वेळच नव्हता. गणित जुळलं. पण तिचं समाधान होईना. हा माणूस सत्तरीला टेकलेला असूनही कुणाही तरण्यापेक्षा सरळ चालत होता. नुसतं न लंगडणं आणि हे, यांत फरक होता.

"लहानपणी काय काम करायचात?"

"दर्शना, ही बाय पोलिसान व्हती काय गं?" ते हसले. पण मग सांगायला लागले. त्यांचं आजोळ घोडबंदरच्या पुढे, खाडीकाठाला. मामांचं मिठागर होतं. "आमी पोरां आयशीचे मागं मिठागरान जाव. डोक्याव टोपला, टोपल्यान मीठ. आन् चालाचा बांधाव. बांध यवराच." त्यांनी दोन हातांनी वीतभर वाटेल इतकं अंतर दाखवलं. "जरा हललास तं मीठ पान्यान. मंग आयशी मारं."

"आणि बघायचं कुठे? पायाकडे?"

"पायाकरं बगशील तं गेलास. समोर. त्या टोकाला."

हेमा त्या दिवशी व्यायाम अर्धवट सोडून दर्शनाशी वाद घालत बसली. भाऊ सरळ चालतात ते लंगडण्याची सवय नाही म्हणून, की मिठागरामुळे?

"दोन्ही असेल, काकू."

"दोन्ही असेल हे उत्तर नाही."

"मग दोन माणसांवरून कसं सांगणार? तुम्ही दोन बुश बघून चारशे पास करायचात का?"

हेमानं मान डोलावली. बरोबर होतं. मग म्हणाली, "करून बघायला काय हरकत आहे? हलकं काहीतरी दे डोक्यावर."

दर्शनानं विचार केला. दांड्यांच्या मधोमध, मी शेजारी असताना, आणि घरी एकटीनं अजिबात नाही, एवढं कबूल करून घेतल्यावर तिनं व्यायामासाठी असलेली वाळूची अर्ध्या किलोची पिशवी हेमाच्या डोक्यावर ठेवली.

तिसऱ्या पावलाला ती पडली. उजवीकडे. पुन्हा ठेवली, चौथ्या पावलाला पडली. उजवीकडे. दहा वेळा केलं, त्यात सात वेळा पिशवी उजव्या खांद्यावरून घसरत खाली गेली. काळुरामभाऊ सायकलवर पाय मारायचे थांबून बघत होते, आणि प्रत्येक वेळी "गेला मीठ" म्हणत होते. हेमाला मात्र भलताच आनंद झाला होता.

"अगं, मला कळतंय!" ती म्हणाली. "आत्तापर्यंत मी झुकलेली मला कळतच नव्हतं. आरशात बघितलं तर मान वाकडी होते, तू सांगेपर्यंत पाऊल पुढे गेलेलं असतं. ही पिशवी त्याच क्षणी सांगते."

कारखान्यात तिच्या टेबलावर माप पारखायची जी गेजं असत, ती हेच करायची. आकडा सांगायची नाहीत, पण पीन आत गेली किंवा नाही गेली, एवढं तत्काळ. डोक्यावर गेज ठेवायचं तिला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

पुढच्या वेळी भाऊ सायकलवरून उतरून दांड्यांच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची टाकून बसले. "माझेकरं बग," ते म्हणाले. "जमिनीन काय नाय ठेवलेला." ती त्यांच्याकडे बघत चालली. पिशवी सहाव्या पावलाला पडली. चौथ्या दिवशी ती पूर्ण लांबी पार करून आली. डोळे मोठे करून, श्वास रोखून, पण पिशवी डोक्यावर होती. भाऊंनी टाळी वाजवली. दर्शनानं पिशवी काढून घेतली आणि म्हणाली, "आता तशीच चाला. पिशवीशिवाय."

चार पावलं ती सरळ चालली. पाचव्याला झुकली.

यावेळी तिला ते आरशाशिवाय कळलं.

"चार," ती म्हणाली. "शून्याच्या वर चार."

त्यानंतर भराभर काही झालं नाही. पिशवीशिवायची सात पावलं व्हायला आठवडा लागला. एकदा तर संपूर्ण आठवडा मागे गेला, कारण सुधीरला ताप होता आणि ती झोपली नव्हती. दमली की अंग उजवीकडे जायचं. सकाळी उठल्यावरची पहिली दहा-बारा पावलं तर जुनीच असायची. दर्शना म्हणाली, ती कदाचित राहतीलच. हेमानं विचारलं, किती टक्के लोकांची राहतात? दर्शना म्हणाली, काकू, चाला.

मार्चच्या अखेरीस दर्शनानं तिला क्लिनिकच्या बाहेर, रस्त्यावर, स्वतःच्या मागून येऊ दिलं आणि वळून वळून बघितलं. मग तिचं कार्ड काढून त्यावर काहीतरी लिहिलं. आठवड्यातून दोनदा यायचं आता महिन्यातून एकदा झालं होतं.

त्या दिवशी काळुरामभाऊही क्लिनिकमध्ये होते. हेमा त्यांना म्हणाली, "भाऊ, एक राहिलंय. तो बांध खरंच किती रुंद असतो? तुम्ही हातानं दाखवलात ते मला पटलेलं नाही."

"चल दाखवतंय," ते म्हणाले.

एप्रिलच्या एका रविवारी सकाळी देवेशनं गाडी काढली. पुढे तो आणि भाऊ, मागे हेमा आणि सुधीर. हेमाच्या पर्समध्ये टेप होती. घोडबंदरच्या पुढे मोठा रस्ता सोडून गाडी खाडीच्या बाजूला वळली. भाऊंच्या मामांचं मिठागर कधीच बंद पडलं होतं, तिथे नुसती तिवराची खुरटी झुडपं आणि चिखल. पण शेजारचं एक चालू होतं. कच्च्या रस्त्यापासून खाडीपर्यंत चौकोनामागून चौकोन, प्रत्येकात उथळ पाणी, आणि मधून मातीचे बांध. लांब एका शेडजवळ मिठाचे ढीग होते, उन्हात बघवत नव्हतं इतके पांढरे.

भाऊ सरळ बांधाकडे गेले. देवेश "बाबा, नको" म्हणेपर्यंत त्यांनी पाऊल टाकलंही होतं. एक, दोन, तीन. चौथ्या पावलाला त्यांचे दोन्ही हात बाजूला गेले. ते जागीच थांबले, मग कसेबसे वळले आणि देवेशचा हात धरून परत आले. रस्त्याच्या कडेला मातीच्या उंचवट्यावर टेकले. चेहरा उतरला होता.

"पाय कापतान," ते म्हणाले. आणि जरा वेळानं, "बांध बारीक केलाय यांनी. आमचे येळेला मोठा व्हता."

सुधीरनं त्यांना पाण्याची बाटली दिली. हेमानं वाकायच्या भानगडीत न पडता टेप देवेशच्या हातात दिली. त्यानं बांध तीन ठिकाणी मोजला. सोळा इंच, सतरा, सोळा.

"तेव्हाही एवढाच असेल, भाऊ," ती म्हणाली. "तुमची पावलं लहान होती."

भाऊंनी बांधाकडे बघितलं, मग स्वतःच्या चपलांकडे, आणि एकदम हसायला लागले. हसता हसता पाणी प्यायले, ठसका लागला. "ही बाय माझा बालपन पन मोजाला निंगाली," ते सुधीरला म्हणाले.

हेमाचं लक्ष तोवर दुसरीकडे गेलं होतं. अलीकडच्या चौकोनांतलं पाणी साधं, मातकट होतं. पुढच्यांत हिरवट. आणि शेडजवळच्या दोन-तीन चौकोनांत चक्क गुलाबी, कुणी सरबत ओतल्यासारखं.

"हे लाल का झालंय?"

"पानी पिकला का लाल व्हतं," भाऊ म्हणाले.

"पिकतं म्हणजे काय होतं?"

"पिकतं म्हंजे पिकतं. मंग मीठ धरतं."

"पण लाल कशानं?"

"त्यो मारुती बसलाय बग शेडजवल, चालीस वर्सां हितंच हाय. त्याला इचार."

शेडपर्यंत जायला बांधाच्या बाजूनं बैलगाडी जाईल एवढी वाट होती, मातीची, मध्ये गवत उगवलेली. हेमा निघाली. पर्स तिनं सुधीरच्या हातात दिली होती आणि ती घ्यायची राहिली होती. सुधीर भाऊंना हात देऊन उठवत होता. तो बघेपर्यंत ती निम्म्या वाटेवर पोचली होती, मध्येच थांबून हिरव्या पाण्याकडे बघत होती, पुन्हा चालायला लागली होती.

"अगं, हळू!" तो ओरडला. "आम्ही येतोय!"

"या की!" ती मागे न बघता म्हणाली.

"आता ही बरी चालते," भाऊ म्हणाले. "माझेवानी."

"तिला सांगू नका," सुधीर म्हणाला.

दोघं हळूहळू तिच्या मागे निघाले. ते पोचले तेव्हा हेमा गुलाबी पाण्याच्या काठाशी उभी होती आणि डोक्याला टॉवेल गुंडाळलेला मारुती उकिडवा बसून लांब दांड्याच्या फावड्यानं तळाचं मीठ सरकवून दाखवत होता. त्यानं ओंजळीत थोडं पाणी घेतलं आणि तिच्यापुढे धरलं. तिनं बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"हिरव्याचं लाल व्हायला किती दिवस लागतात?" तिनं विचारलं. "आणि ढग आले तर?"